बाथरूमची गळती: स्वतः दुरुस्त करावी की कंत्राटदाराला काम द्यावं?

खालच्या घराच्या छताला तुमच्या बाथरूमची ओल आली आहे आणि प्लंबर सगळं फोडायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. पाणी कुठून जातंय हे कळेपर्यंत कोणालाही आगाऊ पैसे देऊ नका. तो शोध तुम्ही घरीच घेऊ शकता.

रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा टिपून ठेवा. सकाळी तो पुढे सरकलेला असेल तर बहुधा भिंतीतली पाइपलाइन गळतेय, आणि ते काम प्लंबरचं. स्वतंत्र मीटर नसेल तर प्लंबरकडून हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या, म्हणजे लाइनमध्ये पाणी दाबून भरून दाब टिकतो का ते पाहायचं. लाइन ठीक निघाली, तर खालच्या डागाची कड पेन्सिलने आखा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरचं पाणी जिथून निघून जातं त्या जाळीखालच्या भांड्यात) घट्ट बसवा आणि फरशीवर इंचभर पाणी 24 तास ठेवा. डाग पसरला तर पाणी बहुधा टाइल्सच्या सांध्यांतून झिरपतंय. नाही पसरला, पण नंतर ट्रॅपमध्ये बादल्या ओतल्यावर पसरला, तर ट्रॅप किंवा ड्रेनेजचा जोड गेलाय.

सांध्यांचं काम खुशाल स्वतः करा. ॲसिडने धुऊन धुऊन सांध्यांतलं व्हाइट सिमेंट झिजतं. ते 2-3 मिमी खोल खरवडा आणि बाथरूम पूर्ण कोरडं होऊ द्या. मग त्या जागी इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचं राळेचं मिश्रण, भरायचं. ओल्या सांध्यात ते धरत नाही, बहुतेक फसतं ते इथेच. त्यातले रेझिन, हार्डनर आणि फिलर पाकिटावरच्या प्रमाणातच मिसळा, थोडं थोडं कालवा, रबरी पट्टीने दाबून भरा. टाइलवर राहिलेला थर ओल्या स्पंजने लगेच पुसा, वाळल्यावर तो निघत नाही. पुढे किमान 24 तास पाणी नको. कोब्यात (टाइल्सखालच्या भरावात) मुरलेलं पाणी काही दिवस झिरपत राहतं, त्यामुळे काम फसलं असा निष्कर्ष लगेच काढू नका.

ट्रॅपचा जोड गेला असेल तर मात्र कंत्राटदारच हवा. तिथे कोबा स्लॅबपर्यंत फोडून, पाइपभोवतीची भोकं नॉन-श्रिंक (वाळताना न आकसणाऱ्या) ग्राउटने बुजवून, पाणी अडवणाऱ्या पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन आडवे-उभे हात भिंतीवर फूटभर चढवावे लागतात. करारात एक अट नक्की लिहून घ्या: टाइल्स लावण्याआधी 48 तास पाणी भरून चाचणी, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच. टाइल्स बसल्यावर आतलं काम कसं झालंय हे कोणालाच दिसत नाही, आणि चूक निघाली तर पुन्हा सगळं फोडावं लागतं.

खर्च तुमचाच. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची गळती सोसायटीकडे असते, घरातल्या बाथरूमची सभासदाकडे.