'भारित' खर्च आणि सातबाऱ्यावरचा बोजा

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "गावातल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी नागपूर अधिवेशनातलं एका आमदारांचं भाषण ऐकवत होते. राज्याच्या कर्जावर बोलताना ते म्हणाले, 'व्याजाची रक्कम भारित आहे, तिच्यावर आम्हाला मत देता येत नाही, पण सरकार तिच्याबद्दल उत्तरदायी आहेच.' हे भारित म्हणजे काय? तिजोरीवर भार पडतो म्हणून? मग बाकीच्या खर्चाचा भार पडत नाही का?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न अगदी नेमका आहे. भार तर प्रत्येक खर्चाचा पडतो. म्हणजे 'भारित' या शब्दातला भार वजनाचा नाही. तो कोणता, हे तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर लिहिलेलं असेल.

मी बरीच वर्षं यवतमाळ जिल्ह्यात सेवा सहकारी सोसायट्यांचा गटसचिव होतो. मृगाच्या आधी पीककर्जाची धावपळ सुरू व्हायची. सभासद इकरार, म्हणजे कर्जासाठी जमिनीवर सोसायटीचा हक्क मान्य करणारं लेखी निवेदन, करून द्यायचा, तलाठी फेरफार घ्यायचा आणि सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचं नाव रकमेसह चढायचं. याला बोजा चढणं म्हणतात. कर्ज फिटलं की बोजा उतरतो. "माहा बोजा उतरला का जी?" हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं असेल तितकं दुसरं कोणतंही नाही. 'सातबारा कोरा करा' ही मागणीही याच रकान्याबद्दलची आहे.

हा इकरार होतो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ४८ व्या कलमाप्रमाणे. तिथे इंग्रजीत शब्द आहे 'चार्ज'. राज्यघटनेच्या २०२ व्या कलमातही तोच शब्द, 'चार्ज्ड'. सहकार आणि महसूल खात्यांच्या बोलण्यात त्याचा 'बोजा' झाला. घटनेच्या मराठी अनुवादात तोच 'भारित' झाला: राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे मुख्य तिजोरीवर, भारित असलेला खर्च. एका शब्दाची ही दोन भावंडं. एक शेतकऱ्याच्या तोंडी रुळलं, दुसरं अर्थसंकल्पाच्या पुस्तकात राहिलं, आणि दोघांची ओळख कुणी करून दिली नाही. मला याची खरंच हळहळ वाटते. 'बोजा असलेला खर्च' असं कुणी म्हटलं असतं तर तुमच्या मुलांना एका वाक्यात कळलं असतं.

इथे 'ओझं' आणि 'बोजा' यांतला फरकही लक्षात घ्या. पऱ्हाटीचं ओझं डोक्यावरून आणतात, त्याला आपल्याकडे कुणी बोजा म्हणत नाही. ओझं माणूस वाहतो. कागदावरचा बोजा जमीन वाहते, म्हणून तर जमीन वारसाकडे गेली तरी बोजा तिच्यासोबत जातो. 'भारित'मधला भार हा असा, कागदावरच्या हक्काचा आहे.

व्यवहारात हे कसं दिसायचं, ते कापूस एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे कापूस सरकारी योजनेतच विकावा लागे त्या काळातल्या लोकांना सांगायला नको. ती योजना १९७२ साली सुरू झाली. कापूस पणन महासंघाच्या केंद्रावर द्यायचा, पण चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, पूर्ण हाती येत नसे. सोसायटीचं कर्ज आधी वळतं व्हायचं आणि उरलेलं घरी यायचं. त्या उरलेल्यातून लग्न करायचं की घर शाकारायचं, यावर घरात बोलणं व्हायचं. वळत्या केलेल्या रकमेवर घरात मतं घेत नसत. ती गेलेलीच असायची.

राज्याच्या तिजोरीचंही असंच आहे. कलम २०२ मध्ये भारित खर्चाची यादी आहे: राज्यपालांचं वेतन व भत्ते, विधानसभेचे अध्यक्ष-उपाध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती-उपसभापती यांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे द्यायच्या रकमा आणि राज्याच्या कर्जाचं व्याज व परतफेड. या शेवटच्या बाबीला 'ऋणभार' असाही शब्द आहे. बाकीच्या खर्चाला अर्थसंकल्पात 'दत्तमत' म्हणतात. हा बहुव्रीही समास: ज्याला मत दिलं गेलं आहे, तो. 'दत्तक'मधला 'दत्त' तोच. मला हा शब्द फार आवडतो, कारण पैसा सभागृहाने दिला आहे ही आठवण तो प्रत्येक वेळी करून देतो.

आता आमदारांच्या वाक्याकडे वळू. दत्तमत खर्चाची मागणी सभागृह मंजूर करू शकतं, नाकारू शकतं, कमी करू शकतं. कपात सूचना येते ती याच मागण्यांवर. भारित रकमेवर मतदान नाही. ती विनियोजन विधेयकात, म्हणजे निधीतून पैसा काढायला परवानगी देणाऱ्या विधेयकात, येते, पण तिला हात लावणारी दुरुस्ती चालत नाही. मात्र कलम २०३ स्पष्ट सांगतं की भारित खर्चाच्या अंदाजांवर चर्चा करायला कोणतीही आडकाठी नाही. मत नाही, पण बोलण्याचा अधिकार आहे. आमदार म्हणाले ते तंतोतंत बरोबर आहे.

मुलांना यातली एक गोष्ट जरूर सांगा. शेतकऱ्याच्या कर्जमाफीचा पैसा या यादीत नाही. तो दत्तमत आहे, बहुतेकदा पुरवणी मागणीतून येतो आणि त्यासाठी सभागृहात हात वर व्हावे लागतात. सरकारला कर्ज देणाऱ्याच्या व्याजाला मात्र मत लागत नाही. हे ऐकून सोसायटीच्या ओट्यावरचे लोक चिडायचे. मला त्यांचा राग कळतो, पण तरतूद मला योग्यच वाटते. दरवर्षी मतदानावर अवलंबून असलेलं व्याज कोणता सावकार पत्करील? राज्याची पत त्यावर उभी आहे. मात्र याचाच अर्थ असा, की खरा प्रश्न व्याजाच्या वेळी नाही, कर्ज काढायच्या वेळी विचारायला हवा. इकरारावर सही झाली की पुढचं ठरलेलं असतं. घटना समितीत १९४९ साली सरकारी कर्जावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांचा रोख हाच होता: कर्जाची मर्यादा कायद्याने ठरवण्याचा अधिकार संसदेला दिलेला आहे, तो तिने वापरावा. आजचं कलम २९२ ते हेच. राज्यांसाठी तशी तरतूद कलम २९३ मध्ये आहे. ज्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्ये आला होता, त्यांना कर्ज कुठे अडवायचं हे नीट ठाऊक होतं.

सातबाऱ्याची तुलना एका ठिकाणी सोडावी लागते. बोजा ठरावीक गटाच्या जमिनीवर असतो आणि थकल्यास तिच्यावर जप्ती येऊ शकते. 'भारित'मध्ये कोणतीही एक मालमत्ता तारण नसते. संपूर्ण एकत्रित निधीतून तो खर्च द्यायचा, एवढंच बंधन.

उरला 'उत्तरदायी'. उत्तर देणारा तो उत्तरदायी. 'जबाबदार'ही तसाच घडला आहे: जबाब म्हणजे उत्तर. आपल्याकडे 'जबाब' म्हटलं की पोलीस ठाणंच आठवतं, म्हणून 'जबाबदार'मधलं उत्तर ऐकू येईनासं झालं आणि शब्द 'काम अंगावर असलेला' एवढ्यावर आला. कलम १६४ मध्ये मंत्रिपरिषद विधानसभेला सामुदायिकपणे जबाबदार असते, ते मूळ अर्थाने: विचारल्यावर उत्तर द्यायला बांधलेली. माझ्या मते 'जबाबदार' पुरेसा आहे, 'जबाबदेही' हिंदीतून आणायची गरज नाही.

लिहिताना 'भारित'चा 'रि' ऱ्हस्व ठेवा. पुष्पित, फलित, अंकित यांत आहे तोच 'इत' प्रत्यय इथे आहे. विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रभारित कण' आणि संख्याशास्त्रात 'भारित सरासरी' भेटेल. तिथे एकदा वीज, एकदा खरोखरच वजन. मुलांचा गोंधळ होतो तो इथे, म्हणून फळ्यावर हे दोन्ही आणि सातबाऱ्याचा तो रकाना शेजारी शेजारी लिहून दाखवा.