पिल्लू आलं, मनी माळ्यावर चढली

वाचकांचे प्रश्न : घरातले मुके सोबती

प्रश्न : आमची मांजर मनी पाच वर्षांची. जुळे सोलापुरात टू बीएचके फ्लॅट आहे. परवा मुलाने दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. ओळख व्हावी म्हणून सासूबाईंनी मनीला उचलून त्याच्यासमोर धरलं. तिने पिल्लाच्या नाकावर आणि सासूबाईंच्या हातावर ओरखडे काढले, आणि तेव्हापासून ती माळ्यावर आहे. पाणी तेवढं पिते. सासूबाई म्हणतात, होईल आपोआप सवय. होईल का?

उत्तर : आपोआप सवय होते, पण ती नको असलेली. मांजर माळ्यावर राहायला शिकते आणि पिल्लू तिच्यामागे धावायला.

आधी तातडीच्या दोन गोष्टी. सासूबाईंचा हात वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतला नसेल तर आता धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. मनीला रेबीजची लस दिलेली असली तरीही. दुसरं, मनीचं खाणं. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि जिवावर बेततं. कोमट उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घालता, माळ्यावरच नेऊन ठेवा. लिटरचा, म्हणजे तिच्या शी-शूचा ट्रे माळ्याच्या जवळ, पिल्लाच्या वाटेवर येणार नाही असा. चोवीस तासांत घासही घेतला नाही तर जनावरांच्या दवाखान्यात न्या. तिला ओढून खाली मात्र काढू नका.

आता ओळख पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी नाकाने. पिल्लू एका खोलीत, बाकीचं घर मनीचं. उलट करू नका, घर तिचं आहे. दोन जुने टॉवेल घ्या. सोलापुरात टॉवेलला काय तोटा? एक मनीच्या गालांवरून, डोळा आणि कानाच्या मधल्या जागेवरून हलक्या हाताने फिरवा. तिथल्या ग्रंथींतून तिचा वास उतरतो. तो पिल्लाच्या अंथरुणात ठेवा. दुसरा पिल्लाच्या अंगावरून फिरवून मनीच्या वाटीपासून पाच-सहा फुटांवर ठेवा आणि रोज फूटभर जवळ सरकवा. फिसकारली तर कालच्या जागी परत. टॉवेलशेजारी निवांत जेवली की पुढची पायरी : बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणं, तीही आधी लांब, मग जवळ. याला चार दिवस लागतील किंवा तीन आठवडे. ते मनी ठरवेल.

समोरासमोर आणताना पिल्लाला पट्टा हवाच, शक्यतो गळ्याऐवजी छातीचा. त्याला आधी दमवा, पण घरात किंवा गच्चीवर. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर नको. शी-शू झालेली, पोट अर्धं भरलेलं. एकाने जमिनीवर बसून पट्टा सैल धरायचा आणि हाताशी चिकनचे वाटाण्याएवढे दहा-पंधरा तुकडे ठेवायचे. पिल्लाने मनीकडे पाहून नजर तुमच्याकडे वळवली की लगेच तुकडा. मनी मोकळी, तिला उठून जायची वाट उघडी, आणि उंचावर बसायला जागा : कपाटाचा माथा किंवा खिडकीचा कट्टा. पाच मिनिटं पुरे. सगळं ठीक चाललेलं असतानाच थांबवा, बिघडल्यावर नाही. दिवसातून दोन-तीनदा.

इथे हमखास तीन चुका होतात. पट्टा ताणून धरतात; पिल्लू ओढ घेतं आणि जास्तच पेटतं. मांजर फिसकारली की तिला दटावतात. फिसकारणं ही तिची सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी न सांगता थेट पंजा येईल, आणि तो बहुतेक डोळ्यावर बसतो. म्हणून मनीच्या नखांची टोकं आधीच कापून घ्या. पिल्लू एक डोळा मिटून बसलं किंवा डोळ्यातून पाणी आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. घरात उरलेले थेंब घालू नका. तिसरी चूक म्हणजे एकदा पाठलाग झाला की 'खेळतायत' म्हणून हसणं. पिल्लाला तो खेळ इतका आवडतो की दोन-तीनदा झाला की मोडणं अवघड.

काय बघायचं? पिल्लाचं अंग सैल आणि नजर इकडेतिकडे फिरती, तर बरं. अंग ताठ, तोंड मिटलेलं, टक लावलेली, तर लगेच लक्ष दुसरीकडे वळवून खोलीत न्या. मनीचे कान मागे चपटे, शेपटी फुगलेली किंवा सपासप हलणारी असेल तर बैठक संपली.

मुहूर्तही बघा. नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरात बादल्या-पिंपांची धांदल असते, तो दिवस नको. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं ती रात्रही नको. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा रात्री आठनंतर. तापलेल्या दुपारी माणसंसुद्धा एकमेकांवर डाफरतात.

प्रश्न : पिल्लू सारखं मांजरीच्या वाटीत तोंड घालतं. बिघडतं का? (होटगी रोड)

उत्तर : बिघडतं, दोघांचंही. मांजरीच्या खाण्यात प्रथिनं आणि चरबी जास्त, पिल्लाला जुलाब होतात. उलटा प्रकार अधिक वाईट : कुत्र्याच्या खाण्यावरच ठेवलेल्या मांजरीला टॉरिन हे तिला खाण्यातूनच मिळावं लागणारं पोषकद्रव्य कमी पडतं, आणि त्याने हृदय व डोळे दोन्ही जाऊ शकतात. दूध-भाकरीवर ठेवलेल्या मांजरीची गत तीच. तिची वाटी ओट्यावर किंवा खिडकीत ठेवा. लिटरच्या ट्रेपाशीही पिल्लू जाणारच, त्यातली विष्ठा त्याला खाऊ वाटते. ट्रे अशा जागी हवा की मांजर जाईल, पिल्लू नाही. मात्र तिला तिथे कोंडल्यासारखं वाटू नये.

मांजर गादीवर मुतू लागली तर ती 'राग काढत' नसते, ट्रेची वाट तिला सुरक्षित वाटत नसते. बोका मात्र सारखा ट्रेत बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर रात्रीसुद्धा डॉक्टर गाठा.

जाता जाता : शेंगाचटणीत लसूण असतो. लसूण आणि कांदा दोघांनाही विष. पिल्लासाठी बेदाणेही.

प्रश्न : पिल्लाला फार गोचिडी झाल्यात. मानेवर टाकायचं औषध आणलंय, त्यातलंच थोडं मांजरीला टाकलं तर चालेल?

उत्तर : अजिबात नाही. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याचं यकृत ते मोडून टाकतं, मांजरीला ते जमत नाही. तिला थरथर सुटते, झटके येतात, जीव जातो. 'थोडं' म्हणूनही नाही. घटक वाचा. परमेथ्रिनवालं औषध पिल्लाला टाकलं असेल तर दोघांना तीन दिवस वेगळं ठेवा, कारण मांजर त्याचं अंग चाटते. त्यापेक्षा मांजर असलेल्या घरासाठी दुसरं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. चुकून टाकलं गेलंच तर भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि तसंच दवाखान्यात न्या. तापाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजरीला मारक आहे, हे याच ओघात.

लसींबद्दलही याच पत्रात विचारलं आहे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा. कुत्र्यांच्या पार्वो विषाणूचे हल्लीचे प्रकार मांजरींनाही होऊ शकतात, तेव्हा मांजरीच्या लसी राहिल्या असतील तर पिल्लू आणण्याआधी उरका.

प्रश्न : दोघांना घरात एकटं कधी सोडता येईल?

उत्तर : पट्ट्याशिवाय, पण तुमच्या नजरेसमोर, सलग महिनाभर एकही पाठलाग झाला नसेल तर आधी दहा मिनिटं सोडून बघा. तोवर कुलूप लावताना पिल्लू वेगळ्या खोलीत. लॅब्रॅडॉरसारखी मोठी जात असेल तर घाई नको : सहा महिन्यांचं पिल्लू वीस किलोच्या पुढे जातं, मांजर चार किलोची. त्याने लाडाने ठेवलेला पायही तिला जड होतो.