लास व्हेगासहून ग्रँड कॅन्यन: वेस्ट रिम की साउथ रिम?

जूनमध्ये व्हेगासला तीन दिवस, बरोबर भारतातून आलेले सत्तरीचे आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी. अशा वेळी ग्रँड कॅन्यन दरीचा वेस्ट रिम (पश्चिम कडा) जवळ आहे म्हणून तोच एका दिवसात पाहून यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: साउथ रिमला (दक्षिण कड्याला) जा आणि एक रात्र तिकडेच राहा. व्हेगासचा एक दिवस कमी झाला तरी चालेल.

वेस्ट रिम व्हेगासपासून दोन-सव्वादोन तासांवर आहे, हे खरं. पण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग नाही. ती हुआलापाय या मूलनिवासी जमातीची जमीन आहे, त्यामुळे नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही. तिकीट वेगळं आणि २००७ मध्ये उघडलेल्या काचेच्या स्कायवॉकचे पैसे आणखी वेगळे. दरीही त्या भागात कमी खोल आणि अरुंद आहे. तिथल्या ग्वानो पॉइंटवरून दरीतली कोलोरॅडो नदी छान दिसते, पण फोटोंत पाहिलेले थरांवर थर, मैलोन्‌मैल पसरलेले सुळके आणि पलीकडचा निळसर कडा हे सगळं साउथ रिमवर आहे. इतक्या लांबून आलेल्या माणसांना दुसऱ्या क्रमांकाची जागा दाखवू नये.

साउथ रिम व्हेगासहून सुमारे ४५० किलोमीटर. यूएस-९३ ने किंगमन, तिथून आय-४० ने विल्यम्स, मग हायवे ६४ ने उत्तरेला. न थांबता साडेचार तास लागतात. म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन नऊ तास गाडीत, आणि दरी पाहायला मिळते ती नेमकी भर दुपारी. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, सावल्या नसतात, म्हणून खोली कळत नाही आणि रंगही फिके दिसतात. दरी खरी दिसते ती सकाळी आणि संध्याकाळी, तिरप्या उन्हात. रात्र काढायची ती एवढ्यासाठीच.

नेव्हिगेशनमध्ये नुसतं ‘ग्रँड कॅन्यन’ टाकू नका. फोन भलत्याच कड्यावर नेऊ शकतो. नॉर्थ रिम हवाई अंतराने फक्त १६ किलोमीटर समोर आहे, पण रस्त्याने ३४० किलोमीटरहून जास्त. ‘ग्रँड कॅन्यन व्हिजिटर सेंटर, साउथ रिम’ असा पूर्ण पत्ता टाका आणि हायवे ६४ दाखवतोय ना, हे निघण्याआधीच तपासा.

राहण्यासाठी उद्यानाच्या आतली जागा मिळाली तर उत्तम, पण ती आरक्षणं १३ महिने आधी उघडतात. तरीही रोज सकाळी संकेतस्थळ पाहत राहा, रद्द झालेल्या खोल्या मधूनच मोकळ्या होतात. नाहीतर प्रवेशद्वाराबाहेरचं तुसायान गाव सोयीचं. विल्यम्स तासाभरावर आहे आणि स्वस्त आहे, पण जूनमध्ये सूर्योदय सव्वापाचच्या आसपास होतो. आई-बाबांना पहाटे चारला उठवून तासभर गाडीत बसवणं कितपत जमेल, ते तुम्हीच ठरवा.

प्रवेशाच्या पैशांचा हिशोब नीट करा, कारण नियम बदललेत. गाडीचे ३५ डॉलर सात दिवस चालतात. पण १ जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यनसह ११ मोठ्या उद्यानांत, अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा पडतात. ते नको असतील तर अनिवासींसाठी २५० डॉलरचा वार्षिक पास आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी तोच पास ८० डॉलरचा. व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा अनिवासींतच मोडतात. परतताना युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात जायचा विचार असेल तर तेही या ११ मध्ये आहे, म्हणून कोणता पास परवडतो ते अधिकृत संकेतस्थळावर आधीच पाहा. पासपोर्ट जवळ ठेवा आणि पैसे भरायला कार्ड.

पहिल्या दिवशी व्हेगासहून सकाळी लवकर निघा. दुपारी पोचलात की आई-बाबांना आधी तासभर विश्रांती द्या. कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेचारशे मीटर उंच. सपाटीवर चालतानाही दम लागतो, तहान लागल्याचं मात्र लवकर कळत नाही. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर औषधं हातपिशवीत ठेवा, हॉटेलवर नको.

संध्याकाळी हर्मिट रोड. १ मार्च ते ३० नोव्हेंबर हा रस्ता खाजगी गाड्यांना बंद असतो आणि लाल मार्गाची मोफत शटल धावते. सूर्यास्तासाठी सगळे होपी पॉइंटला उतरतात, आणि तिथेच घोळ होतो. शटल जाताना प्रत्येक ठिकाणी थांबते, पण परत येताना फक्त पीमा, मोहावे आणि पॉवेल या तीनच पॉइंटना. होपीवरून परतायचं तर अंधारात पॉवेलपर्यंत चालावं लागतं. त्यापेक्षा मोहावे पॉइंटला उतरा. तिथून नदीही दिसते, सूर्यास्तही तितकाच चांगला आणि परतीची बस तिथेच मिळते. सूर्य बुडाल्यावर रांग लांबते, म्हणून स्वेटर घालूनच निघा. जूनमध्येही रात्री पारा ८-१० अंशांवर येतो. आई-बाबांना बसची चढउतार झेपणारी नसेल तर प्रवेशद्वारावर किंवा व्हिजिटर सेंटरला अपंगत्व-सुलभता परवाना मागा. तो घेतला की स्वतःची गाडी या रस्त्यावर नेता येते.

दुसऱ्या दिवशी सूर्योदय मेदर पॉइंटला, आणि मग यावापाय भूगर्भ संग्रहालय. त्याच्या दारातून ‘ट्रेल ऑफ टाइम’ सुरू होते. पक्की वाट, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि कडेला त्या त्या काळातले खरे खडक मांडलेले. मुलीला एकेक मोठं पाऊल मोजत चालू द्या. नदीने ही दरी कोरायला घेतली ती पाच-सहा पावलांवर. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण ६६ पावलांवर, तर आपण ज्या चुनखडकावर उभे आहोत तो २७० वर. दरीतला सर्वांत जुना खडक १८४० वर येतो. दरी नदीने कालपरवा कोरली, पण खडक फार जुने आहेत, हे इथे चालता चालता समजतं. मला तरी उद्यानातली ही सर्वांत मोलाची जागा वाटते, आणि बहुतेक लोक ती न पाहताच निघून जातात. सबंध चालायची गरज नाही, पहिले तीनशे मीटर आजी-आजोबांनाही जमतील.

दरीत उतरायची हौस असेल तर तुमच्यापैकी एकानेच भल्या पहाटे नारिंगी शटलने साउथ कायबॅब वाटेवर जावं आणि ऊ-आ पॉइंटवरून परतावं. एका बाजूने दीड किलोमीटरच आहे, पण वाटेत पाणी अजिबात नाही. उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा आणि दहाच्या आत वर या. आपल्याकडे गडाचा चढ आधी संपतो आणि थकल्यावर उतार मिळतो. इथे उलटं आहे, म्हणून लोक फसतात. जूनमध्ये तळाशी चाळिशीपार ऊन असतं. नुसतं पाणी पीत राहिलं तर शरीरातलं मीठ कमी होऊन चक्कर येते, तेव्हा बरोबर शेंगदाणे, चिवडा असं खारट काहीतरी ठेवा.

कड्याला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. मुलीचा हात धरा आणि फोटोसाठीही कडेपासून दोन मीटर आत राहा. खारींना खायला घालू देऊ नका, त्या कडकडून चावतात.

आणखी एक: ॲरिझोनात घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये व्हेगासची आणि इथली वेळ एकच असते. पण ॲरिझोनातल्याच पेज गावी जाऊन अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ पाहणार असाल तर सावध. शेजारचा नावाहो या मूलनिवासी जमातीचा प्रदेश आणि युटा राज्य तासभर पुढे असतात आणि फोन मधेच त्यांची वेळ दाखवू लागतो. फेरीची वेळ पेजची, म्हणजे ॲरिझोनाची धरा आणि फोनचं घड्याळ फीनिक्सवर हाताने लावून ठेवा.