‘प्रवेशाचा हक्क राखीव’ अशी पाटी असली तरी

तुमच्या भावाला व्हीलचेअरसकट रेस्टॉरंटच्या दारातूनच परत पाठवलं आणि वर ‘बाकीच्या गिऱ्हाइकांना अडचण होते’ हेही ऐकवलं, हे वाचून डोकं तापलं. माझ्या बहिणीला हेच ऐकवलं होतं. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), फोटो वगैरे तुम्ही जपून ठेवलंच असेल, त्यात शिरत नाही.

पाटी म्हणजे कायदा नव्हे. मालकाने येईल त्याला वाढलंच पाहिजे असंही नाही. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला तो खुशाल हाकलू शकतो. प्रश्न असतो नकार कशावरून दिला याचा.

आमचं घोडं अडलं ते एका सरकारी कार्यालयात. नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी घटनेचं कलम १५(२) वाचून दाखवलं: दुकानं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून मज्जाव नाही. ‘यात अपंगत्व कुठंय?’ म्हणे. झालं, अर्ज निकाली! कलमात तो शब्द नाही हे खरंच. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नावाचा कायदा आहे, हे त्या खुर्चीला माहीत नसावं? आम्ही विचारलं तर ‘तो नोकरीतल्या आरक्षणाचा’ असं उत्तर. अर्ज टेबलाटेबलावर फिरला, बहिणीने नाद सोडला. अजून राग येतो.

त्या कायद्याचं कलम ३ नीट वाचा. अपंगत्वावरून भेदभाव करता येत नाही; केलाच तर त्यामागे रास्त हेतू होता आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणातच होता, हे दाखवून द्यावं लागतं. ‘गिऱ्हाइकांना अडचण’ एवढ्यावर ते भागेल असं मला तरी वाटत नाही. कलम ४६ तर खासगी सेवा देणाऱ्यांचंही नाव घेतं.

तेव्हा इकडेतिकडे न फिरता थेट पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. समन्स काढायला त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण शेवटी हाती येते ती शिफारस, हे धरून चाला. चारचौघांत मुद्दाम अपमान केला असेल तर त्याच कायद्यातलं शिक्षेचं कलम ९२ आहे, ते पोलिसांकडे. मी वकील नाही, एकदा कुणाला तरी दाखवून घ्या.

आणि टेबल आधी पैसे भरून राखलं होतं का? मग ग्राहक आयोगाची वाटही मोकळी आहे, मुदत २ वर्षं. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कुठल्याच खिडकीवरून हलू नका.