पावडरच्या बाटलीतलं वजनाचं इंजेक्शन

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी परभणीची, वय 41, वजन 92 किलो, शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू आहे. माझी भावजय जिमला जाते, तिथला ट्रेनर वजन उतरवायचं रेटाट्रुटाइडचं इंजेक्शन द्यायलाय, बारक्या बाटलीत पांढरी पावडर असते, त्यात पाणी घालून इन्सुलिनच्या सिरिंजनं आठवड्याला एकदा पोटावर टोचायचं. तिचं दोन महिन्यात 9 किलो उतरलं, पण सारखं मळमळतंय अन् अंगाला साडी घासली तरी चरचरतंय म्हणायलीय. मी घेऊ का?

उत्तर : ताई, नका घेऊ. औषधात दम आहे हे खरंय, एली लिली कंपनीच्या 338 लोकांवरच्या चाचणीत (2023 मध्ये छापून आली) 48 आठवड्यांत मोठ्या डोसवर सरासरी 24 टक्के वजन उतरलं. पण ते अजून चाचणीतलंच औषध आहे, दुकानात विकायची परवानगी नाही, मग ट्रेनरच्या बाटलीत नेमकं काय आहे ते त्याला तरी कुठं माहितीय?

मला जास्त भीती डोसची वाटते. सिरिंजवर युनिट असतात, औषध मिलिग्रॅममधे. 10 मिलिग्रॅम पावडरीत 2 मिली पाणी घातलं तर 100 युनिट-प्रति-मिलीच्या सिरिंजवर 20 युनिटला 1 मिलिग्रॅम येतं, 1 मिलीच घातलं तर त्याच 20 युनिटला 2, म्हणजे पाणी ओतताना हात चुकला की डोस डबल. अन् चाचणीत 4 ऐवजी 2 मिलिग्रॅमनं सुरुवात केलेल्यांना उलट्या-मळमळ कमी झाली होती, इतका सुरुवातीच्या डोसनं फरक पडतो.

भावजयीची चरचर मनाची नाही. कातडीला असं होणं, छातीचे ठोके वाढणं हे चाचणीतही दिसलंय. तुमचं तर अजून अवघड, ग्लिमेपिराइडवर असलं इंजेक्शन घेतलं अन् भाकरी अर्धीच गेली तर शुगर एकदम खाली येऊन घाम, थरथर, चक्कर. वजन उतरवायचंच असेल तर मौंजारो हे परवानगी असलेलं वजनाचं इंजेक्शन 2025 पासून आपल्याकडं मिळतंय, पण ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर, तुमची गोळी कमी करून, अन् घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर, तुम्हाला स्वादुपिंडाची सूज होऊन गेलीय का हे विचारूनच.

भावजयीला पुढचं इंजेक्शन घेऊ देऊ नका. आपल्याकडच्या उन्हात उलट्या-जुलाब चालू राहिले तर किडनीवर येतं. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून कळ पाठीत गेली तर पित्त म्हणून सोडा पाजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा अन् ती बाटली सोबत न्या, फेकू नका.