रात्रपाळी मागून घेतो

प्रश्न : वय ४७, इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहे. वर्षभर ताठरता टिकत नाही. पुन्हा फजिती नको म्हणून मुद्दाम रात्रपाळी मागून घेतो. बायकोला वाटतं, बाहेर कुणीतरी आहे. मेडिकलमधून गोळी आणू का?

उत्तर : असे पळणारे तुम्ही पहिले नाही, माझा एक पेशंट भर पावसाळ्यात गच्चीवर झोपायचा! पहाटे ताठरता येते का, बघा. येत असेल तर बहुधा भीतीच आड येतेय. तरीही साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासाच. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड कधी कधी तिथे आधी दिसतो. गोळी परस्पर नको. छातीदुखीसाठी नायट्रेट हे औषध चालू असेल तर या गोळीने रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. आणि वहिनींना आजच सांगा. त्या बिचाऱ्या आरशासमोर स्वतःतच खोट शोधत असतील. डॉक्टरकडे दोघं जा.