जुन्या इंजिनात कमी गंधकाचं डिझेल
डिझेलमधलं गंधक कमी झालं म्हणून घाबरू नका, पण इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपाकडे लक्ष ठेवा. मुळात गंधक हे वंगण नव्हतंच. ते काढण्यासाठी रिफायनरीत हायड्रोजनची प्रक्रिया होते, आणि डिझेलला अंगचा ओशटपणा देणारे घटकही त्यात निघून जातात. म्हणूनच विक्रीआधी त्यात अ‍ॅडिटिव्ह मिसळतात. युरोपीय मानकानुसार वंगणाच्या चाचणीत, डिझेलमध्ये धातूवर धातू घासून पडणारा झिजेचा व्रण 460 मायक्रॉनच्या आत यावा लागतो.

आधी तुमचा पंप कोणता ते बघा. इनलाइन पंपाच्या (दर सिलिंडरला वेगळा दट्ट्या, सगळे एका रांगेत) कॅमला, म्हणजे दट्टे ढकलणाऱ्या दांड्याला, बहुधा इंजिन ऑइल मिळतं, त्यामुळे तो बरंच सोसतो. रोटरी पंपाचं (एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो) वंगण मात्र डिझेलच. जपायचं ते त्याला.

पंपाच्या कव्हरच्या सांध्यावरून, इंजिन बंद असताना, बोट फिरवा. ओलसर लागलं आणि डिझेलचा वास आला, तर सील आकसलेत. जुन्या नायट्राइल रबराला हा त्रास होतो. विटॉनचे (डिझेलला टिकणारं रबर) सील बसवून घ्या.

बाटलीतलं अ‍ॅडिटिव्ह घ्यायचंच असेल तर वंगणासाठीचं घ्या, नुसतं सिटेन (डिझेल किती पटकन पेटतं त्याचं माप) वाढवणारं नको. 2 टक्के चांगलं बायोडिझेलही छान काम करतं. टू-स्ट्रोक ऑइल ओतायचा सल्ला मिळेल, पण डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत ते अजिबात नको, राखेने फिल्टर चोंदतो.

आणि पाणी! माझ्या मते पंपाचा खरा शत्रू तेच. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी नियमित काढून टाका. महागडं इंजिन ऑइल घालून रोटरी पंप वाचत नाही, ते पैसे चांगल्या डिझेल फिल्टरवर घाला.